कायद्याच्या एक पाऊल पुढे : कर्मवीर भाऊराव पाटील

जैन धर्माने गृहस्थाला चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. यांपैकी आहारदान आणि शास्त्रदान एकाच छपराखाली आणून ज्या थोर पुरुषाने महाराष्ट्रातील गोरगरिबांच्या लाखो मुलांच्या आयुष्याला वळण लावले, त्या पद्मभूषण कर्मवीर डॉ. भाऊराव पायगोंडा पाटील यांचे स्मरण केल्यावाचून जैन समाजातील कोणत्याही सेवाभावी संस्थेचा सुवर्णमहोत्सव पूर्ण होणार नाही.

कर्मवीरांचे चरित्र आपल्या समाजाला अपरिचित नाही. तथापि त्या चरित्राकडे एका प्रश्नाच्या उजेडात पुन्हा पाहावे, असे आज वाटते. सरकारने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला म्हणजे गरिबाचे मूल खरोखर शिकते काय? भाऊरावांच्या ७१ वर्षांच्या आयुष्यात असे कायदे एकामागून एक झाले. काही पडले, काही मंजूर झाले, काही मंजूर होऊनही कागदावरच राहिले. भाऊरावांनी कायद्याची कधी हेटाळणी केली नाही आणि कायद्याची वाट पाहत ते बसूनही राहिले नाहीत. त्यांचे आयुष्य हेच या प्रश्नाचे कृतीने दिलेले उत्तर आहे.

जन्म आणि जडणघडण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. बाहुबली डोंगराच्या परिसरातील हे गाव त्यांचे आजोळ. मूळ घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा सरकारी महसूल खात्यात नोकरीस होते. आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण गावोगावी झाले. अभ्यासापेक्षा कुस्ती आणि पोहणे यांत त्याचा जीव अधिक रमे. मात्र अन्याय दिसला की हा मुलगा उसळून उठे. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने समाजातील मुलांच्या शिक्षणाचे कार्य हाती घेतले होते आणि कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले होते. त्या काळी कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर बनत होते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा, इमारती आणि अनुदाने देऊन पाठबळ दिले. खेड्यातील मुलगा शहरात शिकायला आला तर तो राहील कोठे आणि जेवील काय, हा प्रश्न महाराजांनी सर्वांआधी ओळखला होता. राजाराम हायस्कूलमध्ये शिकणारा भाऊराव याच व्यवस्थेत वाढला आणि तिचे मोल त्याने मनात साठवून ठेवले.

बोर्डिंगचे दार बंद झाले

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास तरुण भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर बोर्डिंगच्या रूढीप्रमाणे त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, अशी व्यवस्थापकांची अपेक्षा होती. भाऊरावांनी त्यास साफ नकार दिला. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. इंग्रजी सहावीपलीकडे त्यांचे शालेय शिक्षणही गेले नाही.

ही घटना आपल्या समाजाने विसरू नये, कारण तिच्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. भाऊरावांना कोल्हापुरात राहून शिकण्याची संधी समाजाच्याच वसतिगृहाने दिली होती, आणि त्याच वसतिगृहाचे दार त्यांच्यासाठी बंदही झाले. त्यातून कटुता घेऊन ते बाहेर पडले नाहीत. वसतिगृह हवे, पण त्याच्या उंबरठ्यावर जात विचारली जाऊ नये, एवढा धडा त्यांनी घेतला. पुढे त्यांनी काढलेल्या प्रत्येक वसतिगृहात मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग, रामोशी अशी सर्व मुले एका पंगतीला बसून जेवली.

त्या वेळी बोर्डिंगचे व्यवस्थापन अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. १९१४ मध्ये कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. लठ्ठे यांना त्यात गोवता यावे म्हणून भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा त्यांच्यावर दबाव आला. त्यांना कोठडीत अतोनात छळ सोसावा लागला. ज्या माणसामुळे आपले बोर्डिंग सुटले, त्याच्याविरुद्ध असत्य बोलण्यापेक्षा त्यांनी प्राण पणाला लावणे पसंत केले. सत्यव्रत पोथीत वाचण्याचा विषय असतो आणि आचरणाचाही असतो, हे त्यांनी त्या कोठडीत दाखविले.

नांगर, कंदील आणि खेडी

कोल्हापूर सुटल्यावर भाऊराव साताऱ्यास शिकवण्या करू लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. त्यांचा विवाह कुंभोज येथील लक्ष्मीबाईंशी झाला. १९१० च्या सुमारास काही मित्रांच्या साहाय्याने त्यांनी दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्यात पुढाकार घेतला. हे त्यांच्या पुढील कार्याचे बीज होय.

उदरनिर्वाहासाठी त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे आणि नंतर ओगले यांच्या काच कारखान्याच्या कंदिलांचे विक्रेते म्हणून काम केले. विक्रीच्या निमित्ताने ते दक्षिण महाराष्ट्रातील शेकडो खेड्यांत फिरले. गिऱ्हाइकाच्या ओसरीवर बसल्याशिवाय त्याची खरी परिस्थिती समजत नाही, हे व्यापारात मुरलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. भाऊरावांनी नांगर विकता विकता शेतकऱ्याच्या घराचा जमाखर्च वाचला. वर्षाचे धान्य सावकाराकडे जाते, मूल गुरे राखते, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, आणि शाळा असलीच तर दोन कोसांवर. अशा घराला शाळेत फी नाही एवढे सांगून भागत नाही. मूल शाळेत बसले की त्याच्या हातचे काम थांबते, आणि तो तोटा त्या घराच्या खात्यावर पडतो.

नेमक्या याच काळात देशात शिक्षणाच्या कायद्यांची चर्चा ऐरणीवर आली होती. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मात्र १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सक्तीचे शिक्षण आपल्या सर्व राज्यात लागू केले होते. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. येथे एक क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. महाराजांनी वसतिगृहांना आधी हात घातला आणि सक्तीचा कायदा नंतर केला. मुलाच्या राहण्या-जेवण्याची चिंता आधी, दंडाची भाषा नंतर. भाऊरावांनी हाच क्रम आयुष्यभर पाळला.

काले येथील विजयादशमी

४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमीचा दिवस. कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांच्या साक्षीने भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले.

या वसतिगृहांची व्यवस्था साधी व चोख होती. ज्याला शक्य होते त्या पालकाने धान्य द्यावे, ज्याला नाही त्याच्या मुलाने श्रम द्यावेत. मुले पाणी भरीत, दळण-कांडण करीत, स्वयंपाकात हात लावीत, शेतात राबत आणि वेळप्रसंगी खडीही फोडीत. सुगीच्या दिवसांत भाऊराव स्वतः खेडोपाडी फिरून मूठमूठ धान्य गोळा करीत. अंगावर खादी, अनवाणी पाय, छातीवर रुळणारी दाढी आणि हातात काठी अशी त्यांची मूर्ती गावात शिरली की बायाबापड्या सूप घेऊन दारात येत. धनिकाच्या थैलीपेक्षा शेतकऱ्याच्या मुठीवर त्यांचा अधिक भरवसा होता, कारण ज्याने मूठभर जोंधळा दिला त्याला ती संस्था आपली वाटे, आणि पुढच्या वर्षी तो मूलही पाठवी.

माउलीचे मंगळसूत्र

या सर्व कार्याचा भार ज्यांनी घरात राहून वाहिला, त्या लक्ष्मीबाईंचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र अपुरे राहील. पाटील घराण्याच्या सुखवस्तू वातावरणात, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही स्त्री नवऱ्यामागे साताऱ्यास आली आणि सर्व जातींच्या मुलांची आई झाली. मुलांच्या जेवणासाठी तिच्या अंगावरील दागिने एक एक करून गेले. एकदा भाऊराव गावी नसताना कोठीतील धान्य संपले. तेव्हा तिने सौभाग्यलेणे मानलेले मंगळसूत्रही काढून दिले आणि मुलांच्या पानात अन्न वाढले. १९३० मध्ये तिचे निधन झाले. तिने जे दिले ते कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नाही. आपल्या धर्माने सांगितलेला अपरिग्रह तिने ग्रंथांतून अभ्यासला नसेल, आचरणात मात्र पूर्णत्वास नेला.

कायदा कागदावर, शाळा माळावर

मुंबई इलाख्यात १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने ग्रामीण भागातील स्थानिक मंडळांकडेही ही जबाबदारी आली. परंतु अधिकार आले, तिजोरी आली नाही. योजना आखायची स्थानिक मंडळाने आणि पैशासाठी तोंड पाहायचे सरकारचे, अशा स्थितीत बहुतेक खेड्यांत सक्ती पोहोचलीच नाही. शिवाय सक्ती करायची तर गावात शाळा हवी, शाळा काढायची तर शिक्षक हवा, आणि शहरात शिकलेला शिक्षक आडगावी टिकत नसे.

भाऊरावांनी कायद्यातील ही उणीव नेमकी हेरली. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. पुढे त्यास महात्मा फुले यांचे नाव मिळाले. खेड्यातीलच मुलगा शिक्षक व्हावा आणि तो खेड्यातच परत जावा, हा त्यामागील हिशेब होता. १९३७ नंतर जेथे शाळा नाही तेथे खासगी संस्थांना व्हॉलंटरी शाळा काढण्यासाठी सरकारी साहाय्य मिळू लागताच त्यांनी या तरुण शिक्षकांना डोंगरदऱ्यांतील वाड्या-वस्त्यांवर धाडले. देवळात, चावडीत, झाडाखाली शाळा भरू लागल्या. पाहता पाहता अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली.

यापुढचा प्रसंग सर्वाधिक बोधप्रद आहे. १९४७ मध्ये मुंबई राज्यात नवा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि प्राथमिक शाळांची जबाबदारी स्कूल बोर्डांकडे आली. तेव्हा भाऊरावांनी घाम गाळून उभ्या केलेल्या या शेकडो शाळा स्कूल बोर्डाच्या स्वाधीन केल्या. उभी केलेली गोष्ट सोडून देणे संस्थाचालकांना फार जड जाते. भाऊरावांना ते जड गेले नाही, कारण शाळांची मालकी हे त्यांचे उद्दिष्टच नव्हते. जे काम कायद्याने आपल्या शिरावर घेतले, ते त्यांनी कायद्यास सोपविले, आणि स्वतः जेथे कायदा अद्याप पोहोचला नव्हता त्या पुढच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

कमवा व शिका

ही पुढची पायरी म्हणजे माध्यमिक आणि उच्च शिक्षण. १९४० मध्येच त्यांनी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत निवासी विद्यालय कमवा व शिका या तत्त्वावर सुरू केले होते. १९४७ मध्ये त्याच नगरीत छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मृतीसाठी १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला. ज्या गावांना चौथीपलीकडचे वर्ग ठाऊक नव्हते, तेथे हायस्कुले निघू लागली.

१९४८ मध्ये सरकारने संस्थेचे अनुदान रोखले. संस्थेवर मोठा कठीण प्रसंग आला, पण लोक पाठीशी उभे राहिले. संत गाडगे महाराजांसारख्या विरक्त पुरुषाने संस्थेसाठी शब्द टाकला आणि अनुदान पूर्ववत झाले. १९५४ मध्ये कराड येथे निघालेल्या कॉलेजास भाऊरावांनी गाडगे महाराजांचेच नाव दिले. या प्रसंगाचा अर्थ स्पष्ट आहे. सरकारी साहाय्य घ्यावे, मागून घ्यावे, हक्काने घ्यावे. परंतु ते थांबले तर मुलांच्या पानातील भाकरी थांबू नये, एवढे समाजाचे बळ मागे असावे.

या वसतिगृहांतून किती आयुष्ये उभी राहिली याची गणती करणे अवघड आहे. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले गरीब घरातील पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. असे शेकडो विद्यार्थी शिक्षक, वकील, अधिकारी, आमदार झाले.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. ज्याचे स्वतःचे शिक्षण इंग्रजी सहावीवर थांबले होते, त्या पुरुषाचा विद्यापीठाने केलेला हा गौरव होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वटवृक्ष हे बोधचिन्ह असलेल्या त्यांच्या संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थी तेथे शिकत आहेत.

आजचा हिशेब

कर्मवीरांच्या पश्चात कायद्याने मोठी मजल मारली. राज्यघटनेने १९५० मध्येच चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले होते. ते दहा वर्षांत साधले नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये या तरतुदीतून अनेक खासगी शाळांना सूट दिली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती सूट रद्द केली. कायद्यात बळ असते ते असे. त्यामुळे गरिबाला दारात उभे राहून याचना करावी लागत नाही, तो हक्क सांगू शकतो.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सहा ते चौदा वयाची जवळजवळ सर्व मुले आज पटावर आहेत, हे कायद्याचे आणि शासनाच्या प्रयत्नांचे यश आहे. परंतु देशाच्या ग्रामीण भागातील असर पाहणीत २०१८ मध्ये पाचवीतील सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला. पटावर नाव येणे वेगळे आणि विद्या येणे वेगळे. ऊसतोडणीला जाणाऱ्या आईबापांबरोबर मूल गाव सोडते, तेव्हा त्याचे नाव पटावर असते आणि मूल फडात असते. अशा मुलाला गावात ठेवून घेणारे, दोन वेळचे जेवण देणारे आणि संध्याकाळी अभ्यासाला बसविणारे वसतिगृह हवे असते. पुन्हा हा कायदा चौदाव्या वर्षी, आठवीच्या वर्गापाशी थांबतो. गरीब घरातील मुलाची खरी कसोटी तेथूनच पुढे लागते.

म्हणून कायदा गरिबाच्या मुलास तारतो काय, या प्रश्नास कर्मवीरांच्या चरित्रातून मिळणारे उत्तर असे आहे : कायदा शाळेचे दार उघडतो आणि ते उघडलेच पाहिजे, परंतु त्या दारापर्यंत चालत येण्याचे बळ, आत टिकण्यासाठी अन्न, निवारा व मायेचा शिक्षक, आणि दारापलीकडच्या वाटेवर सोबत हे समाजाला पुरवावे लागते. धर्मादायाची जागा कायद्याच्या ऐवजी नाही, कायद्याच्या एक पाऊल पुढे आहे. कायदा पुढे सरकला की धर्मादायानेही पुढे सरकावे.

आपल्या समाजापुढे तर हा विचार अधिकच निकडीचा आहे. २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या बंधनातून बाहेर राहिल्या. ही सवलत घटनेने दिलेली आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु ज्या ठिकाणी कायदा सक्ती करीत नाही, त्याच ठिकाणी दानाची खरी परीक्षा असते. सक्तीने दिलेली जागा हे कर्तव्यपालन होय. सक्ती नसताना गरिबाच्या मुलासाठी राखून ठेवलेली जागा हेच शास्त्रदान. कुंभोजच्या सुपुत्राने आपल्या वसतिगृहाच्या उंबरठ्यावर कोणाची जात विचारली नाही. त्याचे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजाच्या शाळांनी आणि वसतिगृहांनी गरिबाच्या मुलाला दारातून परत पाठवू नये, एवढीच त्या महापुरुषास वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.

कर्मवीर भाऊराव पाटील आणि माउली लक्ष्मीबाई यांच्या पावन स्मृतीस कोटी कोटी प्रणाम!

॥ जय जिनेंद्र ॥